तत्त्वज्ञान हा विषय आपल्या मुलांनी घ्यावा काय?



बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या कासुर्डीसारख्या गावात दोन-तीन आठवडे एकच विषय चालतो. मुलाला पुढे काय करायचे? कासुर्डी हे दौंड तालुक्यातले गाव. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचन आणि यवत यांच्या मध्ये वसलेले. शिवारात ऊस, पंचक्रोशीत गुऱ्हाळे, यवतला रेल्वे स्टेशन आणि पुणे चाळीसएक किलोमीटरवर. विद्यापीठ आपल्याला स्वप्नातसुद्धा येऊ नये इतके लांब नाही, आणि सहज गाठता यावे इतके जवळही नाही. मी शाळेत शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. त्यामुळे आईबाप विचारायला येतात.

विज्ञान शाखेच्या मुलांना काय सांगायचे ते ठरलेले असते. कला शाखेची एखादी मुलगी मात्र म्हणते, "सर, मला तत्त्वज्ञान घ्यावेसे वाटते." तिचे वडील लगेच विचारतात, "त्याने पोट भरतं का?" दोघांचेही म्हणणे खरे आहे. मुलीचा प्रश्न बुद्धीचा आहे, बापाचा प्रश्न भाकरीचा आहे. एकाचे उत्तर देताना दुसऱ्याची थट्टा करणे बरे नव्हे.

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त घरांत निघणार आहे. पूर्वी पुणे विद्यापीठात बी.ए.ला 'सामान्य' आणि 'विशेष' अशी विषयांची विभागणी असे. २०२० साली नवे शैक्षणिक धोरण जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. आता 'मेजर' म्हणजे मुख्य विषय आणि 'मायनर' म्हणजे जोडविषय, अशी निवड विद्यार्थ्याला करावी लागते. तेव्हा तत्त्वज्ञान घ्यावे काय, आणि घ्यायचे तर मुख्य म्हणून की जोड म्हणून, याचा विचार आपण एकदा नीट करू.

माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या बहुतेक मुलांनी तत्त्वज्ञान जोडविषय म्हणून घ्यावे. थोड्यांनी, पण नक्की काही जणांनी, ते मुख्य विषय म्हणून घ्यावे. आणि समाजाने या दोन्ही गोष्टी चैनीच्या न मानता गरजेच्या मानाव्यात. असे का, ते पुढे पाहू.

१. बाबासाहेबांचा जोडविषय

परमपूज्य बाबासाहेबांचा मुख्य विषय कोणता होता, असे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण कायदा म्हणतील. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ पर्यंत तेथे शिकले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. त्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद एलिनॉर झेलियट या संशोधक बाईंनी दिली आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी १. म्हणजे साठ अभ्यासक्रमांत तत्त्वज्ञानाचे फक्त पाच!

आजच्या भाषेत बोलायचे तर तत्त्वज्ञान हा बाबासाहेबांचा जोडविषय होता. पण या पाचांचे पुढे काय झाले ते पाहा.

कोलंबियात तेव्हा जॉन ड्युई तत्त्वज्ञान शिकवीत होते. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती माणसांनी एकमेकांबरोबर जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार. समाजाने आपल्याजवळचा सगळाच वारसा पुढच्या पिढीच्या माथी मारू नये, पुढचे जीवन ज्याने सुधारेल तेवढाच निवडून द्यावा, हाही त्यांचाच विचार. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण तयार केले. मंडळाला ते पेलले नाही, सभा रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून काढले. 'जातिनिर्मूलन' म्हणून आपण जे वाचतो ते हेच. त्यात ड्युईंचे हे दोन्ही विचार आहेत, आणि ड्युई हे आपले गुरू असून त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे असे बाबासाहेबांनी तेथे स्पष्ट नोंदवले आहे. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. ती घेण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले, पण १ जून रोजीच ड्युई वारले होते. गुरुशिष्यांची भेट राहून गेली.

ड्युईंना जातिव्यवस्थेचा अनुभव नव्हता. त्यांनी दिले ते विचार करण्याचे हत्यार. ते कशावर चालवायचे हे बाबासाहेबांनी ठरवले. अर्थशास्त्राने त्यांना रुपयाचा प्रश्न सोडवायला शिकवले, कायद्याने संविधान लिहायला उपयोग झाला. पण "हा धर्म न्यायाला धरून आहे काय?" हा प्रश्न अर्थशास्त्र विचारीत नाही आणि कायदाही विचारीत नाही. तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. 'हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान' हे बाबासाहेबांचे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली तिसऱ्या खंडात ते छापले. त्यात त्यांनी धर्माला दोन कसोट्या लावल्या आहेत, न्यायाची आणि उपयुक्ततेची. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली. मधल्या एकवीस वर्षांत जे चालले होते त्याला राजकारण म्हणा, चळवळ म्हणा. पण ते तत्त्वपरीक्षणही होते. आपले धर्मांतर हे परीक्षा करून घेतलेल्या निर्णयाचे फळ आहे. परीक्षा कशी करतात हे ज्या समाजाला माहीत नाही, त्याला असा निर्णय टिकवता येत नाही.

२. नियम आणि तत्त्व

तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवतात तरी काय, असे आपण विचाराल. जातिनिर्मूलनाच्या भाषणातलाच एक भेद घेऊ. नियम वेगळा आणि तत्त्व वेगळे. नियम काय करायचे ते सांगतो. तत्त्व कसे ठरवायचे ते शिकवते.

आमच्याकडच्या गुऱ्हाळातला दाखला देतो. चुलवाणावर काहील चढलेली आहे, रस उकळतो आहे. नवशिक्या माणसाला सांगतात, इतका चुना टाक, भेंडीचे पाणी घाल, मळी वर आली की काढ. हा झाला नियम. ऊस ताजा असेल, रान चांगले असेल, तर नियमाने काम भागते. पण ऊस शिळा निघाला किंवा खारवट रानातला आला, तर तोच नियम पाळून गूळ बिघडतो. जाणता गुळव्या मात्र अडत नाही. चुना रसातला आंबटपणा मारतो, भेंडीचे पाणी मळी गोळा करते, हे त्याला ठाऊक असते. कशासाठी काय, हे कळले म्हणून तो प्रमाण बदलू शकतो. आणि गूळ बिघडलाच तर "मला असेच सांगितले होते" असे म्हणून त्याला सुटता येत नाही. जबाबदारी त्याची.

बाबासाहेबांचा मुद्दा हाच आहे. जो धर्म नुसती विधिनिषेधांची यादी देतो तो माणसाकडून विचार काढून घेतो, आणि विचाराबरोबर जबाबदारीही काढून घेतो. ज्याने पाणवठ्यावर आपल्या आजोबांना हटकले, तो बहुधा राक्षस नव्हता. तो नियम पाळत होता. "हा नियम कशासाठी?" हे विचारण्याची त्याला सवय नव्हती. तत्त्वज्ञानातील नीतिशास्त्र ही सवय लावते.

आता हाच आरसा आपल्याकडे फिरवू. आपण पंचशील म्हणतो. ते नियम म्हणून म्हणतो की तत्त्व म्हणून? 'मद्यपान करू नये' एवढेच मुलाला सांगितले तर तो मोठा झाल्यावर पळवाट शोधील. भान हरपलेला माणूस उरलेली चारही शीले मोडू शकतो, म्हणून हे शील, असे कळले तर तो दारूच नव्हे, भान घालवणारी प्रत्येक गोष्ट ओळखील.

३. धूर आणि धूळ

दुसरा भाग तर्कशास्त्राचा. अकरावी-बारावीला आपल्या महाराष्ट्र मंडळात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे दोन स्वतंत्र विषय आहेत, पण ते सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवले जात नाहीत. खेड्यातल्या कित्येक मुलांना हे विषय आहेत हेच ठाऊक नसते. आणि तर्कशास्त्र हा तर बौद्धांच्या घरचा विषय!

दिङ्नाग आणि त्यानंतर साधारण सातव्या शतकातला धर्मकीर्ती, या आचार्यांनी ज्ञानाची साधने दोनच मानली : प्रत्यक्ष आणि अनुमान. 'ग्रंथात लिहिले आहे' हे त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानले नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही! वेदप्रामाण्य, जगाचा कर्ता, स्नानाने पुण्य आणि जातीचा गर्व या गोष्टी मानणे हे धर्मकीर्तीने बुद्धीच्या जडपणाच्या खुणांत गणले आहे. आपल्या पूर्वसूरींनी हे तर्कशास्त्राच्या ग्रंथात लिहून ठेवले, आणि आपल्या मुलांना त्यांची नावेही माहीत नाहीत.

अनुमानाची परीक्षा दिङ्नागाने अशी सांगितली. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे विस्तव आहे. येथे धूर हा हेतू, म्हणजे कारण म्हणून पुढे केलेली खूण. या हेतूला तीन अटी लावायच्या. एक, तो त्या जागी खरोखर असला पाहिजे. लांबून धूर वाटला आणि ती ट्रकने उडवलेली धूळ निघाली, तर अनुमान तेथेच कोसळले. दोन, जेथे विस्तव असतो अशा दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे चुलीवर, चुलवाणावर, तो दिसला पाहिजे. तीन, जेथे विस्तव नाहीच, म्हणजे कालव्याच्या पाण्यात किंवा विहिरीत, तेथे तो कधीही नसला पाहिजे.

आता ही परीक्षा गावातल्या बोलण्याला लावा. "त्याने नवस फेडला नाही म्हणून त्याची म्हैस मेली." पहिली अट पाहा : नवस फेडला नाही, हे खरे धरू. दुसरी पाहा : नवस न फेडणाऱ्या आणखी एखाद्याचीही म्हैस मेली असेल, तेही मान्य करू. तिसरी पाहा : नवस न फेडणाऱ्या कित्येकांच्या म्हशी गोठ्यात धडधाकट उभ्या आहेत. हेतू तेथेही सापडला, जेथे तो असता कामा नये. अनुमान खोटे! ढोरांच्या डॉक्टरला बोलवा.

भांडण नाही, शिवीगाळ नाही, देवीची निंदा नाही. तीन प्रश्न विचारले आणि अंधश्रद्धा आपोआप गळून पडली. ज्या मुलीला हे नीट शिकवले गेले ती सासरी जाईल तेव्हा हे हत्यार बरोबर घेऊन जाईल.

हीच परीक्षा आपल्या माणसांच्या बोलण्यालाही लावली पाहिजे. मोबाइलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज वाक्ये फिरतात. त्यांतली काही त्यांची नसतात. "आपल्या माणसाने पाठवले" हा हेतू खऱ्या वाक्यालाही लागू आणि बनावट वाक्यालाही लागू. म्हणजे तो हेतूच नव्हे. खंड उघडून पाहावा.

४. "भगवंतांनीच तत्त्वचर्चा टाळली"

आपल्यातलेच काही अभ्यासू उपासक एक आक्षेप घेतात, आणि तो विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतात, मालुंक्यपुत्ताने जग शाश्वत आहे की अशाश्वत, जीव आणि शरीर एक की भिन्न, असले प्रश्न विचारले तेव्हा तथागतांनी उत्तर दिले नाही. विषारी बाण लागलेला माणूस, बाण मारणारा कोण, त्याचे कूळ काय, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाला तर तो मरेल, असा दृष्टान्त दिला. मग आपण तत्त्वज्ञान कशाला शिकायचे?

याचे उत्तर असे. कोणता प्रश्न सोडवायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, हे ठरवणे हेच तत्त्वज्ञानातले पहिले काम आहे. तथागतांनी ते केले, आणि का बाजूला ठेवले याचे कारणही दिले : त्या उत्तरांनी दुःख कमी होत नाही. जो माणूस कारण देऊन प्रश्न बाजूला ठेवतो तो विचारापासून पळत नाही, तो विचाराला वाट दाखवतो.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले तेही आठवा. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. येथवर आपण आनंदाने वाचतो. पण पुढे आणखी दोन गोष्टी आहेत. नुसत्या तर्कात बसते म्हणूनही मानू नका, आणि सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. लोभ, द्वेष, मोह त्याने वाढतात की घटतात हे स्वतः पाहा. पहिला भाग दुसऱ्यांच्या धर्माला लावणे सोपे असते. शेवटचा भाग स्वतःला लावणे अवघड. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी हा अवघड भाग टाळत नाही.

बाबासाहेबांनीही तो टाळला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीत होती काय? आत्मा नाही म्हटल्यावर कर्म आणि पुनर्जन्म कसे बसतात? भिक्षुसंघ कशासाठी? ज्या ग्रंथाला आपण वंदन करतो त्याची सुरुवातच प्रश्नांनी होते. या प्रश्नांवर पुढे काम कोणी करायचे? ग्रंथ लाल कापडात गुंडाळून ठेवणाऱ्याने की तत्त्वज्ञान शिकलेल्याने?

५. "हा विषय आपला नव्हे"

आणखी एक शंका. या अभ्यासक्रमात वेदान्त, सांख्य, मीमांसा शिकवतात. तो त्यांचा विषय, आपण का शिकावा?

अभ्यासक्रमात सहा आस्तिक दर्शने आणि चार्वाक, जैन, बौद्ध ही तीन नास्तिक दर्शने असतात. येथे नास्तिक म्हणजे वेदप्रामाण्य न मानणारा. मग मुलाने वर्गात विचारावे : वेद हे माप कोणी ठरवले? बौद्धांनी वर्गवारी केली असती तर माप कोणते असते? चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला. त्यात चार्वाक पहिला, बौद्ध दुसरे, आणि चढत चढत शेवटी शांकर वेदान्त. पायरीची ही मांडणीच एक मत आहे. ते ओळखायला शिकणे हा अभ्यासाचाच भाग आहे. आजच्या पदवीत 'भारतीय ज्ञानप्रणाली' असाही एक विषय आला आहे. त्या तासाला नागार्जुन, दिङ्नाग, धर्मकीर्ती यांचे नाव निघाले नाही, तर उभे राहून नम्रपणे विचारणारा एक तरी विद्यार्थी बाकावर हवा. न शिकता बाहेर उभे राहून ओरडणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः शिकून घेतले. दार बंद झाले म्हणून त्या खोलीतले ज्ञान त्यांनी परके मानले नाही. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले. पुण्यात संस्कृत शिकून ते नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत फिरले, आणि १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. आपल्या जिल्ह्याच्या गावी ही विद्या शंभराहून अधिक वर्षे शिकवली जात आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या, आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा विभाग आहे, पाली व बौद्ध अध्ययनाचाही विभाग आहे. तत्त्वज्ञान विभागात अनेक वर्षे शिकवलेले डॉ. प्रदीप गोखले यांनी बौद्ध विचारावर आणि बाबासाहेबांच्या तत्त्वज्ञानावर लिहिले आहे. म्हणजे दार उघडे आहे. आत जाणारे हवेत.

६. भाकरीचा प्रश्न

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. याला गोड उत्तर देणे म्हणजे मुलीची फसवणूक होय.

शाळेत तत्त्वज्ञान हा विषय नसतो. शाळाशिक्षक व्हायचे असेल तर मराठी, इंग्रजी, हिंदी, इतिहास, भूगोल यांपैकी विषय मुख्य असावा, तो पुढे बी.एड.ला उपयोगी पडतो. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए. आणि नेट किंवा सेट हवे. पण तत्त्वज्ञानाच्या जागा थोड्या, आणि त्यांतही तासिका तत्त्वावर काम करणारे पुष्कळ. हे डोळ्यांआड करू नये.

म्हणून घरात तातडीने कमावण्याची गरज असेल त्या मुलांनी बाबासाहेबांचाच रस्ता धरावा. मुख्य विषय अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी किंवा इंग्रजी, जोडविषय तत्त्वज्ञान. वकिलीकडे जायचे असेल तर कोणत्याही पदवीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचे एल.एल.बी. करता येते, आणि तेथे तर्कशास्त्र रोजचे हत्यार आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे. २५० गुणांच्या दोन उत्तरपत्रिका, आणि त्या मराठीतूनही लिहिता येतात. त्यात प्रतीत्यसमुत्पाद, क्षणिकवाद, नैरात्म्यवाद आहेत. जातिभेदावरील गांधी-आंबेडकर हा मुद्दाही आहे. २०१३ पासून नीतिशास्त्राची वेगळी २५० गुणांची उत्तरपत्रिका सगळ्यांनाच सक्तीची आहे.

आणि ज्याला या विषयाची खरी ओढ आहे, ज्याच्या घराला चार-पाच वर्षे कळ काढता येईल, त्याने मुख्य विषय म्हणून घ्यावे. त्याच्यामागे समाजाने उभे राहावे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, संशोधनासाठी पुण्यातील बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. अर्ज वेळेवर भरावा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा. विहाराच्या वर्गणीतून एखाद्या मुलाच्या रेल्वेपासाचा खर्च उचलला तर तेही दानच आहे.

प्रवेशापूर्वी एक खात्री जरूर करावी. माहितीपत्रकात विषयाचे नाव असते, पण शिकवणारा शिक्षक असतोच असे नाही. महाविद्यालयात जाऊन विचारावे : हा विषय कोण शिकवतो, तास होतात काय, पुढल्या वर्षी चालू राहील काय? जवळ सोय नसेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून तत्त्वज्ञान घेता येते.

७. अभ्यास कसा करावा

भाषेचे भय बाळगू नये. मराठीत साधने आहेत. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ साली तीन खंडांत निघाला. श्रीनिवास हरि दीक्षित यांचे 'भारतीय तत्त्वज्ञान' विद्यार्थी वापरतात. वाईच्या मराठी विश्वकोशातील नोंदी घरबसल्या मोबाइलवर वाचता येतात. पण पहिल्या वर्षापासून इंग्रजीची दोन पाने रोज वाचावीत, कारण बाबासाहेबांचे मूळ लेखन इंग्रजीत आहे आणि भाषांतरावर कायम विसंबून चालत नाही.

वाचताना वहीची दोन भागांत विभागणी करावी. डावीकडे ग्रंथकार काय म्हणतो ते, उजवीकडे त्याने दिलेले कारण. उजवी बाजू रिकामी राहिली तर तेथे मत आहे, युक्तिवाद नाही, असे समजावे. आपल्याला न पटणाऱ्या ग्रंथकाराचे म्हणणे त्यालाही मान्य होईल असे आधी लिहावे, मग खोडावे. शंकराचार्यांना न समजता खोडणे सोपे. समजून खोडणे हा अभ्यास.

आणि वाद कसा करावा, हे मिलिंदप्रश्नातून शिकावे. राजा मिलिंदाला भदंत नागसेन विचारतात, महाराज, तुम्ही पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडितांच्या वादात एक मांडतो, दुसरा खोडतो, चूक दाखवली तर कोणी रागावत नाही. राजांच्या वादात न पटणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंद म्हणाला, पंडितांसारखा करीन. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले, म्हणजे विचारणाऱ्याचे नाव मिळाले. आपल्या विहारांतल्या सभा, मंडळांच्या बैठका, घरातल्या चर्चा पंडितांसारख्या होतात की राजांसारख्या, हे ज्याचे त्याने पाहावे. वर्गात शिकलेले तत्त्वज्ञान घरात उतरले नाही, मुलीने प्रश्न विचारला आणि बापाने आवाज चढवला, तर पदवी भिंतीवरच राहील.

चिंतनासाठी प्रश्न

पुढील प्रश्न विहारातील अभ्यासवर्गात घ्यावेत. उत्तरे देताना प्रत्येकाने कारण सांगावे.

१. पंचशीलांपैकी एक शील निवडा. ते नियम म्हणून पाळणारा आणि तत्त्व म्हणून पाळणारा, यांच्या वागण्यात कोठे फरक पडेल?

२. गेल्या महिन्यात गावात ऐकलेले एक "म्हणून" असलेले वाक्य घ्या. त्याच्या हेतूला दिङ्नागाच्या तीन अटी लावून पाहा.

३. आत्मा नाही, तर केलेल्या कर्माची जबाबदारी कोणाची? आपले उत्तर दहा ओळींत लिहा, आणि त्यावर सर्वांत अवघड आक्षेप कोणता येईल तोही लिहा.

४. आपल्या वस्तीत यंदा बारावी झालेली मुले-मुली किती? त्यांपैकी तर्कशास्त्र किंवा तत्त्वज्ञान हा विषय असतो, हे किती जणांना माहीत आहे? त्यांच्या घरी जाऊन सांगण्याचे काम कोण घेतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊ नये. नावे लिहून काढावीत आणि प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी त्या घरी जाऊन यावे.

जयभीम!